उतारवयांतील घोडदौड : एका आक्षेपास उत्तर

चित्रपटाविषयीं गंभीरपणें बोलणाऱ्या मराठी मंडळींत एक समज आतां इतका रूढ झाला आहे, कीं त्यास कोणी पुरावा मागत नाहीं व कोणी देतहि नाहीं. भालजी पेंढारकर मोठे होते खरे, परंतु त्यांचें मोठेपण स्वातंत्र्यापूर्वींचें. साठी उलटल्यावर त्यांनीं जे ऐतिहासिक चित्रपट काढले ते जुन्याच पोवाड्याचें पुनरावर्तन होय, असा हा समज आहे. ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३) व ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) हीं नांवें निघालीं कीं ही मंडळी आदरानें मान लववितात आणि लगेच विषय बदलतात. गाणीं गोड आहेत, एवढें मात्र मान्य करतात. आमच्या मतें हा आदर नसून अनादराचाच एक सभ्य प्रकार आहे. आणि ज्या मापानें हे चित्रपट मोजले जातात तें माप खोटें आहे, हें दाखविण्यासाठीं आम्ही लेखणी उचलली आहे.

प्रथम मापाचीच लबाडी पाहूं. हीच मंडळी जॉन फोर्ड ह्या अमेरिकन दिग्दर्शकाचें नांव घेतांना निराळ्या सुरांत बोलतात. फोर्डचा जन्म १८९४ चा. भालजी त्याच्याहून तीन-चार वर्षांनींच लहान. एकानें अमेरिकेच्या पश्चिम प्रांतांतले घोडेस्वार, गुराखी व दरोडेखोर पडद्यावर आणून ‘वेस्टर्न’ ह्या चित्रपट-जातीस प्रतिष्ठा मिळवून दिली. दुसऱ्यानें मावळे, गड, घोडीं आणि खिंडी पडद्यावर आणून मराठी ऐतिहासिक चित्रपटास रूप दिलें. फोर्डचा ‘स्टेजकोच’ आणि भालजींचा ‘नेताजी पालकर’ हे दोन्ही १९३९ सालचेच. पुढें १९६२ सालीं, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, फोर्डनें ‘दि मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स’ हा चित्रपट काढला. रंगीत चित्रपटांच्या ऐन भरांत तो काळा-पांढरा होता. मॉन्युमेंट व्हॅलीच्या विस्तीर्ण माळासाठीं प्रसिद्ध असलेल्या ह्या दिग्दर्शकानें तो बहुतांशीं स्टुडिओच्या भिंतींआड घेतला. त्यांतील प्रमुख नट पन्नाशी ओलांडलेले असून तरुणांच्या भूमिका करीत होते. त्या वेळीं कित्येक टीकाकारांना तो थकलेल्या म्हाताऱ्याचा उद्योग वाटला. आज तोच चित्रपट फोर्डच्या श्रेष्ठ कृतींत गणला जातो, आणि ज्या तीन गोष्टी काल दोष होत्या त्या आज गुण म्हणून शिकविल्या जातात. वृद्ध कलावंत बाहेरच्या जगाकडून स्मरणाच्या जगाकडे वळला, असा त्यांचा अर्थ लावण्यांत येतो.

हा अर्थ चुकीचा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत आमचीं तीस वर्षें गेलीं. परकीय कलेचा मत्सर आम्हांस नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच, कीं १९६२ सालीं हॉलिवुडांत उभारलेलें खोटें गांव दिसलें कीं त्यास स्मृतीचें रूप म्हणावें, आणि १९६४ सालीं कोल्हापुरांत उभारलेला खोटा वाडा दिसला कीं त्यास नाटकी म्हणून नाक मुरडावें, हा न्याय नव्हे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचें तें कारटें ही म्हण सर्व जगांत खरी आहे. आम्हां मराठी सुशिक्षितांनीं ती तेवढी उलटी करून ठेवली आहे.

आतां मुख्य आक्षेप घेऊं. ऐतिहासिक चित्रपटाचें काम स्वराज्य मिळाल्याबरोबर संपलें, असें सांगण्यांत येतें. परकी अमलांत उघड बोलतां येत नव्हतें, म्हणून शिवकालाचा पडदा पुढें करून त्याआडून बोलावें लागे. १९४७ नंतर त्या पडद्याची गरज काय? ह्या कोटिक्रमांत थोडें सत्य आहे. १९२६ सालीं भालजींनीं ‘वंदे मातरम् आश्रम’ काढला तेव्हां इंग्रजी शिक्षणावरील टीकेमुळें सरकारच्या कात्रीशीं त्यांची गांठ पडली होती. प्रभात कंपनीच्या १९३० सालच्या शिवकालीन चित्रपटाचें ‘स्वराज्याचें तोरण’ हें नांव सरकारनें चालूं दिलें नाहीं. तो ‘उदयकाल’ ह्या नांवानें दाखवावा लागला. तेव्हां त्या काळचा शिवाजी हा एका परीनें आडपडदाच होता, हें खरें. परंतु एकाद्या शब्दाचा एक अर्थ कालबाह्य झाला म्हणजे तो शब्दच मेला असें मानणें हें तर्कास धरून नाहीं. परक्याशीं लढण्याचें काम संपल्यावर आपसांतल्या माणसांना एकत्र आणण्याचें काम उरतें, आणि तें पहिल्यापेक्षां अवघड असतें. भालजींचे उत्तरकालीन चित्रपट ह्या दुसऱ्या कामाचे आहेत, असें आमचें निश्चित मत आहे.

ह्या मतास आधार त्यांच्या चरित्रांतच आहे. ३० जानेवारी १९४८ रोजीं महात्मा गांधींचा खून झाला व त्यानंतर महाराष्ट्रांत ज्या दंगली उसळल्या त्यांत कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ जाळण्यांत आला. जाळणारे इंग्रज नव्हते, मोंगल नव्हते; मराठी बोलणारे, बहुधा त्याच स्टुडिओंतले चित्रपट टाळ्या वाजवून पाहिलेले लोक होते. पन्नाशीच्या घरांतील माणसाचें आयुष्याचें भांडवल असें आपल्याच लोकांच्या हातून भस्म झालें. त्या माणसानें स्टुडिओ पुन्हां उभा केला, १९५२ सालीं ‘छत्रपति शिवाजी’ काढला, आणि संयुक्त महाराष्ट्राचें राज्य १ मे १९६० रोजीं अस्तित्वांत आल्यावर चार वर्षांनीं आपल्या चित्रपटास ‘मराठा तितुका मेळवावा’ हें रामदासांच्या वचनांतील नांव दिलें. ज्याचें कांहींच जळलें नाहीं त्यानें हें नांव दिलें असतें तर ती घोषणा झाली असती. ज्याचें सर्व जळलें त्यानें दिलें, म्हणून त्यास आम्ही निराळें वजन देतों. राज्याच्या सीमा जुळल्या, माणसें जुळलीं नाहींत, हें त्या काळीं ज्यांना स्वानुभवानें ठाऊक होतें अशा थोड्यांपैकीं भालजी एक होते. ज्या टीकाकारांस ह्या नांवांत केवळ प्रांताभिमान दिसतो त्यांनीं ‘मेळवावा’ ह्या क्रियापदाकडे पुरतें पाहिलेलें नाहीं.

दुसरा आक्षेप व्यक्तिपूजेचा. भालजी राजाची आरती करीत बसले, असें म्हणतात. आमची विनंती एवढीच, कीं आक्षेप घेणारांनीं निदान चित्रपटांचीं नांवें तरी वाचावीं. ‘नेताजी पालकर’, ‘थोरातांची कमळा’ (१९४१), ‘बहिर्जी नाईक’ (१९४३), ‘पावनखिंड’ (१९५६), ‘मोहित्यांची मंजुळा’. ह्यांत एक सेनापति आहे, एक हेर आहे, दोन घराण्यांतल्या दोन मुली आहेत आणि एक खिंड आहे. ह्या मालिकेंत राजाचें नांव मिरविणारा चित्रपट १९५२ चा. ज्यास राजाचीच आरती करावयाची आहे तो हेराच्या नांवानें चित्रपट कशाला काढील? राजा मध्यभागीं आहे खरा, पण दिग्दर्शकाची दृष्टि कडेला उभ्या असलेल्या माणसांवर आहे. देवळाचा कळस सर्वांना दिसतो. पायांतले दगड कोणी मोजीत नाहीं. ते मोजण्याचा छंद ह्या माणसास जन्मभर होता, आणि उतारवयांत तो वाढला.

आम्ही राहतों त्या शिरवळासारख्या गांवांतून पाहिलें म्हणजे ह्या छंदाचें मोल चांगलें समजतें. नीरेच्या कांठीं येथें सुभानमंगळ नांवाचा भुईकोट होता. १६४८ सालीं विजापूरकरांनीं फत्तेखानास शिवाजीमहाराजांवर पाठविलें तेव्हां त्याच्या फौजेंतील बाळाजी हैबतराव शिरवळावर आला व हा कोट विजापूरकरांच्या हातीं गेला. महाराज त्या वेळीं पुरंदरावर होते. त्यांनीं कावजी मल्हार ह्यास निवडक लोकांनिशीं पाठविलें; कावजीनें कोट परत जिंकला आणि हैबतराव त्या झुंजींत पडला. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ ह्या संस्कृत काव्यांत ह्या लढाईचें वर्णन आहे. स्वराज्याच्या अगदीं आरंभींची ही लढाई. त्या दिवशीं निकाल उलटा लागता तर पुढें काय झालें असतें ह्याचा विचार करावा. पण आज कोटाचे थोडे अवशेष उरले आहेत आणि पुणें-बंगळूर महामार्गावरून हजारों गाड्या रोज गांवाला वळसा घालून निघून जातात. कावजी मल्हाराचें नांव घेतलें तर गांवांतल्या दहा तरुणांपैकीं एकास तरी तें ठाऊक असेल कीं नाहीं, ह्याची आम्हांस शंका वाटते. सातारा जिल्ह्यांत अशीं गांवें व असे कावजी पुष्कळ आहेत. इतिहासकार त्यांना एक ओळ देतो; पाठ्यपुस्तक तीहि देत नाहीं. भालजींच्या जातीचा चित्रपट हा ह्या एका ओळींतल्या माणसांचा चित्रपट आहे.

आणि येथेंच फोर्डशीं तुलना खऱ्या अर्थानें उपयोगी पडते. ‘लिबर्टी व्हॅलन्स’ची कथा काय आहे? एक थोर राजकारणी पुरुष एका निर्धन माणसाच्या अंत्यविधीस आडगांवीं येतो, आणि वार्ताहरांना सांगतो, कीं ज्या गुंडास मारल्याच्या कीर्तीवर आपण मोठे झालों त्यास आपण मारलेंच नव्हतें. मारलें तें ह्या पेटींत निजलेल्या माणसानें. वार्ताहर तें ऐकून घेतात व छापण्याचें नाकारतात. दंतकथा प्रस्थापित झाली आहे, तीच राहूं द्यावी, असा त्यांचा निर्णय. म्हणजे फोर्डचा विषयहि कडेला राहिलेला माणूस हाच आहे. फरक रीतीचा आहे. दंतकथेनें माणूस कसा गाडला जातो हें फोर्ड दाखवितो; दंतकथेच्याच आधारानें गाडलेला माणूस वर कसा काढावा हें भालजी पाहतात. पहिल्या रीतींत संशय आहे, दुसरींत कृतज्ञता आहे. संशय हा बुद्धीचा गुण आणि कृतज्ञता हा भाबडेपणा, हें समीकरण आमच्या विद्वानांनीं कोठून आणलें? ज्या समाजानें आपले नायक वर्तमानपत्रांत छापून छापून मोठे केले त्यास संशयाचें औषध लागतें. ज्या समाजाचा इतिहास दोनशें वर्षें दुसऱ्यांनीं लिहिला त्यास आधीं आपल्या माणसांचीं नांवें आठवावीं लागतात. रोग निराळा असतां औषध एकच कां नाहीं म्हणून वैद्यास दोष देणें शहाणपणाचें नव्हे.

भालजींच्या चित्रपटांतील दोष आम्हांस दिसत नाहींत असें मात्र कोणीं समजूं नये. संवाद लांबतात आणि रंगभूमीच्या ठेक्यांत चालतात. ह्याहून मोठा दोष शत्रूच्या चित्रणाचा. विजापूरचा किंवा दिल्लीचा सरदार पडद्यावर आला, कीं तो क्रूर अथवा विलासी असणार हें बहुधा पहिल्या पावलासच कळतें. ह्या बाबतींत फोर्डनें वृद्धपणीं एक पाऊल पुढें टाकलें, हें प्रांजलपणें मान्य केलें पाहिजे. ज्या मूळ रहिवाशांना त्यानें पन्नास चित्रपटांच्या दुनियेंत धूळ उडवीत येणारे आणि गोळी लागून पडणारे म्हणून दाखविलें, त्यांच्यावरील अन्यायाची कथा त्यानें १९६४ सालीं ‘शायेन ऑटम’ ह्या आपल्या शेवटच्या वेस्टर्नमध्यें सांगितली. १८७८ सालीं मायभूमीकडे परत निघालेल्या शायेन लोकांची ती कथा. तीहि निर्दोष नाहीं, कारण शायेन पुढाऱ्यांच्या मुख्य भूमिका त्यानें मेक्सिकन व गोऱ्या नटांकडून करविल्या. तरी प्रयत्न झाला. भालजींकडून तसा प्रयत्न झाला नाहीं. महाराजांच्या पदरीं सिद्दी हिलाल होता, नूरखान बेग होता, आरमारावर दौलतखान होता. ‘मेळवावा’ ह्या शब्दाचा विस्तार त्यांच्यापर्यंत जितका व्हावयास हवा होता तितका भालजींच्या पडद्यावर झाला नाहीं, असें आमचें मत आहे. पण लक्षांत घ्यावें, कीं ही उणीव काढण्यासाठीं आम्हांस भालजींच्याच मापाचा उपयोग झाला. ज्याच्या चित्रपटाचें माप घेऊन त्याच्यावर टीका करतां येते त्यास पोकळ म्हणतां येत नाहीं.

शिवाय कलावंताच्या उत्तरायुष्याचा विचार एकेक चित्रपट सुटा काढून करूं नये. ‘मराठा तितुका मेळवावा’च्या पाठोपाठ, १९६५ सालीं, भालजींनीं ‘साधी माणसं’ काढला. तलवारींचा खणखणाट थांबतो न थांबतो तों ऐरणीवर घण पडूं लागतो. नायक लोहार आहे आणि नायिका त्याची बायको. तलवार जो घडवितो त्याच्याकडे हा दिग्दर्शक तलवारीच्या चित्रपटानंतर लगेच वळला, ही गोष्ट योगायोगाची म्हणून सोडून देण्यास आम्ही तयार नाहीं. पुढें १९६९ सालीं ‘तांबडी माती’ आला. दादा कोंडके पडद्यावर प्रथम दिसले ते ह्या चित्रपटांत. फोर्डनें आपल्या दंतकथेबद्दलचा विचार एकाच चित्रपटाच्या पोटांत ठेवला. भालजींनीं तो दोन चित्रपटांना शेजारीं शेजारीं ठेवून मांडला: एकांत स्वराज्यासाठीं मेळवलेला मराठा, दुसऱ्यांत स्वराज्य मिळाल्यावर विसरलेला. जो पहिला पाहतो व दुसरा पाहत नाहीं त्यानें अर्धेंच वाक्य ऐकलें.

गाण्यांविषयींहि दोन शब्द. १९६३ ते १९६९ ह्या काळांतील ह्या चारही चित्रपटांचें संगीत ‘आनंदघन’ ह्या टोपणनांवाखालीं लता मंगेशकर ह्यांनीं दिलें. हिंदी चित्रसृष्टींत कीर्तीच्या शिखरावर असलेल्या गायिकेनें संगीतकार म्हणून काम केलें तें कोल्हापूरच्या ह्या वृद्ध दिग्दर्शकासाठीं, आणि तेंहि नांव झांकून. जे टीकाकार गाणीं तेवढीं चांगलीं म्हणून वेगळीं काढतात त्यांना आम्ही विचारतों, कीं ह्या गाण्यांत लोकगीताची जी ठसठशीत चाल आहे ती कोणाच्या कथेंतून आली? गाणें कांहीं आकाशांतून पडत नाहीं. ज्या प्रसंगांत लोहाराचा भाता फुंकला जातो त्या प्रसंगानें तें मागितलेलें असतें. फळ गोड म्हणावें आणि झाड वठलेलें म्हणावें, ही बागाइतदाराची भाषा नव्हे.

परंतु भालजींचा घात केवळ तुच्छता बाळगणाऱ्यांनीं केला असें नाहीं. भक्तांनींहि केला, आणि भक्तांचा अपराध आम्ही अधिक मानतों. भक्त चित्रपट पाहत नाहीं, दर्शन घेतो. राजाचा घोडा दिसला कीं त्याच्या टाळ्या सुरू होतात, आणि टाळ्यांच्या आवाजांत कडेच्या माणसाचें बोलणें ऐकूं येत नाहीं. अशा प्रेक्षकाची संवय नवीन दिग्दर्शकांनाहि लागते. अलीकडे ऐतिहासिक चित्रपटांची पुन्हां लाट आली आहे. १९५६ च्या ‘पावनखिंडी’नंतर २०२२ सालीं त्याच नांवाचा दुसरा चित्रपट आला व गर्दीनें पाहिला गेला. लाट आली ह्याचा आम्हांस आनंदच आहे. पण ह्या लाटेंत गड संगणकावर बांधले जातात, कडे संगणकावर उंचावतात, आणि माणूस त्या उंचीखालीं लहान होत जातो. भालजींचा वाडा फळ्यांचा होता. त्यांत उभा राहिलेला माणूस मात्र हाडामांसाचा होता. पडद्यामागची युक्ति सुधारली म्हणून पडद्यावरची माणुसकी सुधारली असें होत नाहीं, एवढें सांगण्याचें धैर्य आजच्या परीक्षणकारांनीं दाखवावें. जुन्यास शिळें म्हणणें सोपें. नव्यांतलें शिळेपण ओळखणें हीच खरी परीक्षा.

सरकारनें भालजींना १९९१ ह्या वर्षाचा दादासाहेब फाळके पुरस्कार दिला. १९९४ सालीं त्यांचें निधन झालें. तत्पूर्वीं, ऐंशी ओलांडल्यावर, १९८१ सालीं त्यांनीं ‘गनिमी कावा’ काढला होता. त्या चित्रपटाचें साक्षेपी परीक्षण आमच्या पाहण्यांत आलेलें नाहीं. पुरस्कार देणें सोपें असतें. शाल, श्रीफळ व भाषण एका संध्याकाळीं उरकतात. परीक्षण करावयाचें तर चित्रपट दोनदां पाहावा लागतो. पुढें २०२२ सालीं जयप्रभा स्टुडिओच्या विक्रीवरून कोल्हापुरांत लोक रस्त्यावर आले. जागा वांचावी म्हणून धडपडणाऱ्यांविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु विटा वांचल्या आणि त्या विटांआड निर्माण झालेली कला कोणी पाहिलीच नाहीं, तर आपण वाचविलें काय? पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं, म्हणजे ‘मराठा तितुका मेळवावा’ निघाला त्याच सालीं, स्थापन झालें. तोंपर्यंत आपल्या मूकपटांपैकीं बहुतेक कायमचे नष्ट झाले होते. जें नष्ट झालें त्याबद्दल शोक करतां येतो. जें हातांत आहे आणि तरी पाहिलें जात नाहीं, त्याबद्दल शोक करणें हें ढोंग आहे.

म्हणून आमची मागणी थोडी व स्पष्ट आहे. आमच्या महाविद्यालयांतून जेथें फोर्डचा चित्रपट दाखवून त्यावर व्याख्यान दिलें जातें, तेथें त्याच आठवड्यांत, त्याच विद्यार्थ्यांपुढें, त्याच गांभीर्यानें भालजींचा १९६४ चा व १९६५ चा चित्रपट जोडीनें दाखवावा. विद्यार्थ्यांस दोष दिसले तर त्यांनीं ते निःशंकपणें सांगावे. फोर्डचे दोष सांगतांना जी नम्रता व जी चिकाटी लागते तेवढीच येथेंहि वापरावी, जास्त नको आणि कमीहि नको. असें केल्यावर कोणी हे चित्रपट टाकाऊ ठरविले तर आम्ही त्याचा निर्णय ऐकून घेऊं. न पाहतां दिलेल्या निर्णयास मात्र आम्ही निर्णय म्हणत नाहीं; तो केवळ ऐकीव वारसा आहे, आणि तो पुढच्या पिढीस देण्याचा अधिकार आम्हां शिक्षकांना कोणींहि दिलेला नाहीं.